घरातील असत्य : मराठी कौटुंबिक नाटकातील स्वार्थाची भाषा

मराठी रंगभूमीवर घर हे केवळ नाट्यस्थळ नाही. ते संघर्षाचे एक प्रमुख कारणही आहे. वारसा, विवाह, वाटणी आणि वार्धक्य या चार प्रसंगी कुटुंबातील व्यक्तींचे हितसंबंध उघडे पडतात आणि ते झाकण्यासाठी असत्याचा आधार घेतला जातो. या असत्याचे स्वरूप मात्र सर्व नाटकांत सारखे नाही. ते कोण बोलतो, कोणासाठी बोलतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे तीन प्रश्न विचारले असता मराठी कौटुंबिक नाटकाच्या वाटचालीतील एक महत्त्वाचा बदल स्पष्ट होतो. प्रारंभी विशिष्ट व्यक्तीच्या मुखी असणारे असत्य पुढे संपूर्ण घराची भाषा बनते आणि अखेरीस ते मौनात रूपांतरित होते.

गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली मुलगी वृद्ध भुजंगनाथाला देऊ करतो आणि भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ या व्यवहाराची जुळणी करतो. येथे असत्य हा एक धंदा आहे. त्याला दलाल आहे आणि दरही आहे. प्रेक्षकाला प्रथमपासून सर्व ठाऊक असल्याने लबाडी ओळखण्याचे श्रम त्याला पडत नाहीत. तो हसतो आणि हसता हसता अस्वस्थ होतो. विशेष लक्षणीय गोष्ट अशी की, हा विवाह थांबतो तो वराच्या वयामुळे नव्हे, तर वधूवर सगोत्र असल्याचे उघड झाल्यामुळे. मुलीच्या विक्रीला जी समाजरचना हरकत घेत नाही, ती गोत्राच्या मुद्द्यावर मात्र अडून बसते. देवलांचा खरा उपरोध येथे आहे. कांचनभटाचा स्वार्थ ही व्यक्तीची विकृती असली, तरी तिला मोकळीक देणारी व्यवस्था सर्वमान्य आहे, हे ते कथानकाच्या वळणातूनच सुचवितात.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त (१९०९) हाच प्रश्न राजघराण्याच्या पातळीवर जातो. नारायणराव पेशव्यांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. या घटनेविषयी 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका लोकस्मृतीत रुजली. तिची ऐतिहासिक सत्यता बाजूला ठेवली तरी तिचा अर्थ महत्त्वाचा आहे. एका अक्षराच्या खोटेपणाने चुलत्या-पुतण्याचे नाते संपते, अशी ही लोककल्पना आहे. घरातला स्वार्थ राज्य बुडवू शकतो, हे सांगताना खाडिलकरांना घराबाहेरचा एक साक्षी लागतो. रामशास्त्री हा तो साक्षी होय. असत्य घरात निर्माण झाले, तरी सत्याचा उच्चार करणारे न्यायासन अजून शाबूत आहे, हा या नाटकाचा विश्वास आहे. 'शारदा'तही कोदंडाच्या रूपाने असा बाहेरचा मनुष्य येतो. विसाव्या शतकाच्या आरंभीचे नाटक घराला बाहेरून वाचविता येते असे मानते.

स्वातंत्र्योत्तर नाटकात हा विश्वास उरत नाही. विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' १९६१ च्या सुमारास लिहिले गेले आणि १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. या घरातील वडिलांनी स्वतःच्या भावाला फसविलेले आहे; रमाकांत, उमाकांत आणि माणिक ही त्यांची मुले तोच वारसा पुढे चालवितात. वडिलांकडील पैशाचा ठावठिकाणा काढून घेण्यासाठी त्यांना मद्य पाजून मुलांनी उभा केलेला बनाव हा नाटकातील नाटकाचा प्रसंग आहे. येथे खोटे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही परस्परांना पूर्ण ओळखतात. म्हणून असत्याचे काम विश्वास संपादन करणे हे राहत नाही. ते निव्वळ शस्त्र बनते. जे घर फसवणुकीवर उभे राहिले, त्यात मुले फसवणुकीखेरीज दुसरी भाषा शिकू शकत नाहीत, हा तेंडुलकरांचा निष्कर्ष आहे. रमा आणि रजनीनाथ यांच्या ठायी माणुसकी शिल्लक आहे. परंतु त्यांना घर वाचविण्याचे सामर्थ्य नाही. वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) गणपतराव बेलवलकर आपली मालमत्ता मुलांना वाटून टाकतात आणि पुढे मुलीच्या घरी त्यांच्यावर चोरीचा आळ येतो. दोन्ही नाटकांच्या प्रकृती भिन्न आहेत. पण मालमत्ता हातातून गेली की पित्याच्या शब्दाची पत जाते, हे सत्य दोन्हींत समान आहे.

महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी'ने (१९८५) या धाग्याला वेगळे वळण दिले. एलकुंचवारांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील पारवा या गावचा. नाटकातील धरणगावकर देशपांड्यांचा वाडा वैदर्भीय असला, तरी पैनगंगेच्या अलीकडे, आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला तो परका वाटत नाही. १९९९ मध्ये परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची सीमा यवतमाळ आणि वाशीमला भिडलेली आहे. इतिहास मात्र वेगळा आहे. एकीकडे वऱ्हाड-मध्यप्रांत, तर दुसरीकडे १९४८ पर्यंतचे निजामाचे संस्थान. कूळकायद्यांनंतर जमीनदारी ओसरली आणि प्रतिष्ठा मागे उरली, हा अनुभव मात्र दोन्ही तीरांवर ओळखीचा आहे.

तात्याजींच्या मृत्यूनंतर वाड्यात जमलेल्या कुटुंबात खलपुरुष कोणीच नाही. थोरला भास्कर तेराव्याचा खर्च घराण्याच्या इभ्रतीला साजेसा करू पाहतो. त्यासाठी घरात पैसा नाही, हे सर्वांना ठाऊक असते. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे. मुंबईचा सुधीर व अंजली यांच्या सांत्वनात हिश्श्याचा हिशेब मिसळलेला आहे. वहिनी रात्रीच्या एकांतात घराण्याचे दागिने अंगावर चढविते, त्या क्षणी तिची अभिलाषा आणि आयुष्यभराची वंचना ही एकाच वेळी दिसतात. पुढे रंजू मास्तराबरोबर पळून जाते; मुलगी परत येते, सोने येत नाही. या नाटकात उघड खोटे फारसे बोललेच जात नाही. ज्याविषयी बोलायला हवे त्याविषयी न बोलणे, हेच येथील असत्य होय. 'आब', 'इभ्रत', 'लोक काय म्हणतील' या शब्दांनी ते मौन राखले जाते.

इब्सेनच्या 'जंगली बदक' (१८८४) या अर्थाच्या शीर्षकाच्या नाटकाशी येथे तुलना उद्बोधक ठरते. तेथे सामान्य माणसाला जगण्यासाठी भ्रमाची गरज असते, असा विचार मांडला जातो आणि सत्याचा हट्ट धरणारा तरुण अनर्थाला कारण होतो. एलकुंचवारांच्या वाड्यात सत्याचा असा आग्रही प्रचारक नाही. भ्रम फोडण्याची गरजही नाही, कारण तो भ्रम आहे हे प्रत्येकाला माहीत आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की त्याचा खर्च कोणाच्या नावावर पडतो.

या प्रश्नाचे उत्तर प्रभा आणि चंदू या दोन व्यक्तिरेखांत मिळते. प्रभाची शिकण्याची इच्छा दडपली गेली आहे. चंदू घरचा मुलगा असूनही गड्यासारखा राबतो. वाड्याची प्रतिष्ठा त्यांच्या आयुष्यावर टिकली आहे आणि वाटणीच्या विचारात त्यांचे स्थान शेवटचे आहे. येथे कायद्याची पार्श्वभूमी ध्यानात घेणे उपयुक्त आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत पित्याच्या हिश्श्यात मुलगी आणि पत्नी वारस ठरल्या होत्या. मात्र त्याच कायद्याच्या कलम २३ नुसार राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी करावयाचे ठरविल्याशिवाय स्त्री वारसाला मागता येत नव्हती. अविवाहित मुलीला त्या घरात राहण्याचा हक्क होता. घर मागण्याचा नव्हता. प्रभाची अवस्था याहून अचूक शब्दांत सांगणे कठीण आहे. महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहहिस्सेदार केले आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने कलम २३ रद्द झाले.

कायदा बदलला तरी नाटकाचा विषय संपला नाही. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत मराठवाड्यातील गावांना अपरिचित नाही. साडीचोळी होते, 'माहेर तुटू नये' असे म्हटले जाते आणि सातबाऱ्यावरून नाव कमी होते. या प्रसंगी कोणीही खोटे बोललेले नसते. भावाचे प्रेम खरे असू शकते, बहिणीची ओढही खरी असते. तरीही त्या प्रेमाच्या भाषेत स्वार्थाचा व्यवहार पूर्ण होतो. 'वाडा चिरेबंदी'तील मौनाची जात हीच आहे. म्हणूनच हे नाटक शिकविताना भास्करला लोभी आणि चंदूला सोशिक ठरवून थांबणे अपुरे होय. अशा वर्गीकरणाने विद्यार्थी स्वतःला सहजच सोशिकांच्या बाजूला उभे करतो आणि प्रश्नातून सुटतो.

'शारदा'च्या प्रेक्षकाला असत्य दुसऱ्याच्या घरात दिसत होते. 'भाऊबंदकी'ने त्याला न्यायासनापुढे उभे केले आणि 'गिधाडे'ने त्याचे नग्न रूप दाखवून प्रेक्षकाला दूर लोटले. 'वाडा चिरेबंदी' यांपैकी काहीच करीत नाही. ते प्रेक्षकाला घरातल्या माणसांबद्दल सहानुभूती वाटू देते आणि त्या सहानुभूतीतच त्याला मौनाचा भागीदार करते. कौटुंबिक नाटकाच्या अभ्यासात पात्रांच्या नीतिमत्तेइतकेच महत्त्व, न बोललेल्या वाक्यांना आणि त्यांची किंमत मोजणाऱ्या माणसांना द्यावयास हवे. घर टिकले की नाही, हा कथानकाचा प्रश्न असतो. ते कोणाच्या वाट्यावर टिकले, हा नाटकाचा प्रश्न असतो.