महागडी पावडर नको, बाळाचा श्वास मोजायला शिकू या



दिवाळी सरली की नालासोपारा, विरार, वसईच्या आपल्या वस्त्यांत पहाटेचा गारवा जाणवू लागतो. नाशिक-पुण्यासारखी कडाक्याची थंडी इकडे पडत नाही, तरी घरोघरी सर्दी-खोकला सुरू होतो. याच दिवसांत 'इम्युनिटी वाढवा' म्हणत महागड्या पावडरी आणि काढे विकणारेही दारात येतात. कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या, असे सांगितले. आरोग्याच्या बाबतीतही आपण तेच करू या.

थंडीत आजार का वाढतात?

सर्दी-फ्लू थंडीमुळे होत नाही, विषाणूंमुळे होतो. खिडकी बंद करून एका खोलीत सहा-सात जण झोपले की एकाच्या खोकल्यातले विषाणू सगळ्यांच्या श्वासात जातात. शिवाय थंड हवा जड असते, ती जमिनीलगत साचून राहते. हायवेचा धूर, बांधकामांची धूळ, जाळलेला कचरा वर न जाता आपल्याच नाकात शिरतो.

म्हणून दुपारी ऊन असताना दार-खिडकी उघडी ठेवा, गोधड्या उन्हात टाका. खोकताना तोंडावर रुमाल धरा. शेकोटीत प्लास्टिक, टायर टाकू नका. बंद खोलीत शेगडी पेटवून तर कधीच झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, माणूस झोपेतच दगावतो.

'थंडी मारायला' घोटभर दारू घेणाऱ्यांनाही सांगायला हवे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. क्षणभर ऊब वाटते, पण शरीरातली उष्णता बाहेर जाते. पाचवे शील पाळणे इथेही फायद्याचेच.

ताकद ताटातून येते

रोगाशी लढायला शरीराला प्रथिने, लोह आणि जीवनसत्त्वे लागतात. ती बाजारातल्या साध्या वस्तूंत मिळतात. मसूर, चवळी, वाल, अंडी, सुकट, जवळा यांत प्रथिने आहेत. मेथी, पालक, शेवग्याचा पाला हिवाळ्यात खावा. आवळा आणि पेरूत क जीवनसत्त्व भरपूर असते. भाजीवर लिंबू पिळले तर त्यातले लोह अंगी लागते. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर तेच लोह नीट शोषले जात नाही, म्हणून तासभर थांबा.

एक गोष्ट आम्ही दरवेळी सांगतो. घरातली बाई सगळ्यांत शेवटी, उरलेले खाते. पहाटेची लोकल पकडून कामाला जाणारी, घर चालवणारी तीच असते आणि रक्त कमी होते तेही तिचेच. समतेची सुरुवात ताटापासून करा, सगळे एकत्र जेवा.

बाळाचा श्वास मोजा

बाबासाहेब आणि रमाईंची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे बालपणीच गेली. आज आपल्या हातात लस आहे. न्यूमोनियापासून संरक्षण देणारी पीसीव्ही लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात देतात. बाळाचे कार्ड आजच काढून बघा. एखादा डोस राहिला असेल तर आशाताईंना विचारा.

खोकला किंवा ताप असेल तर बाळ शांत असताना त्याचे पोट वर-खाली होताना बघा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. धोक्याचे आकडे असे:

- दोन महिन्यांखालील बाळ: ६० किंवा जास्त
- दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा जास्त
- एक ते पाच वर्षे: ४० किंवा जास्त

श्वास इतका जलद असेल, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध पीत नसेल किंवा सुस्त पडले असेल, तर चोळणे-शेकणे करत थांबू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा.

साधी सर्दी मात्र आठवडाभरात आपोआप बरी होते. तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नका.

दोन आठवड्यांचा खोकला

मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरते, तर थुंकीची तपासणी करून घ्या. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात. टीबी झाला म्हणून कोणाला वाळीत टाकू नका. बहिष्कार काय असतो हे आपल्याला कोणी सांगायला नको.

चैत्यभूमी आणि भीमा कोरेगावला जाताना

६ डिसेंबरला रात्रभर रांगेत उभे राहावे लागते. १ जानेवारीला भीमा कोरेगावची थंडी आपल्या सवयीची नसते. शाल, कानटोपी, पाण्याची बाटली आणि मास्क घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या विसरू नका. तापाने फणफणलेल्या माणसाने यंदा घरूनच अभिवादन केले तरी चालेल.

सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे आपल्या सोपाऱ्यातच सापडले. त्याच अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्याही औषधोपचाराची सोय केल्याचे कोरून ठेवले आहे. तथागतांनीही आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात दहा मिनिटे थांबा. सगळ्या आयांना श्वास मोजायला शिकवा आणि कोणत्या बाळाची लस राहिली आहे त्याची यादी करा.

नमो बुद्धाय! जयभीम!