चष्म्यावरचे धुके

चष्मा लावणाऱ्या माणसाला उकळत्या चहाची वाफ, कुकरचे उघडलेले झाकण आणि पावसाची आडवी सर या तीन गोष्टींची ओळख फार जुनी असते. २०२० साली करोनाच्या साथीने या यादीत चौथी भर घातली, ती मुखपट्टीची. पट्टी नाकावर चढली की दोन-चार श्वासांत काचा पांढुरक्या होत आणि समोरचा रस्ता, पायरी, ओळखीचा चेहरा, सारेच धूसर होऊन जाई. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. बहुतेक घरांतील पट्ट्या कपाटात गेल्या, तरी कायमच्या गेल्या नाहीत. क्षयाच्या रोग्याची शुश्रूषा करताना, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या आप्ताजवळ बसताना, दिवाळीपूर्वी माळ्यावरची धूळ झटकताना किंवा ग्वाल्हेरच्या हिवाळ्यातील धुराने जड झालेल्या हवेत फिरताना त्या पुन्हा बाहेर निघतात. त्यांच्यासोबत काचेवरचे धुकेही परत येते.

विषय वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु काच धूसर झाली की माणूस काय करतो, ते पाहावे. एक तर तो चष्मा काढून खिशात ठेवतो, नाही तर पट्टी नाकाखाली ओढतो. पहिल्या उपायाने वयोवृद्ध माणसाची जिन्यावरील पायरी चुकते. दुसऱ्या उपायाने पट्टीचा हेतूच उरत नाही, कारण नाक उघडे टाकून केवळ तोंड झाकणे म्हणजे पुढचे दार लावून मागचे सताड उघडे ठेवण्यासारखे आहे. म्हणून हा प्रश्न सोयीचा तसाच सुरक्षिततेचाही आहे.

वाफ येते कोठून?

आपला उच्छ्वास सुमारे ३४ अंश सेल्सिअस इतका उष्ण आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त असतो. पट्टी नाकाच्या दोन्ही अंगांना घट्ट बसली नसेल, तर हा श्वास वस्त्रातून गाळून जाण्याऐवजी सोपी वाट धरतो आणि नाकाशेजारच्या फटीतून थेट वर काचेवर जातो. काच थंड असली की हवेतील बाष्प तेथे निवते आणि त्याचे असंख्य सूक्ष्म थेंब बनतात. पाणी पारदर्शक खरे, पण थेंब गोलसर असल्यामुळे प्रत्येक थेंब प्रकाश वेगळ्या दिशेला वळवतो. आपल्याला दिसते ते धुके म्हणजे हा विखुरलेला प्रकाश होय.

यावरून ऋतुमानाचा फरकही उलगडतो. माळव्यातील वैशाखात काच श्वासापेक्षाही अधिक तापलेली असते, म्हणून तेथे दुपारी वाफ धरत नाही. पौषातल्या पहाटे तीच काच गार असते आणि पहिल्याच श्वासाला आंधळी होते. बेळगावच्या किंवा गोव्याच्या पावसाळ्यात हवाच ओलसर असल्याने एकदा जमलेले धुके लवकर उडत नाही.

धुके ही चुगली आहे

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. काच धूसर होणे ही पट्टीनेच केलेली चुगली आहे. आत गाळून यावी अशी हवा जेथून येते, त्याच वरच्या फटीतून न गाळलेली हवाही आत शिरू शकते. म्हणून काच पुसत बसण्याआधी फट बुजवावी. नाक दाबले की तोंड उघडते, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे मात्र नाकावरची पट्टी दाबली की डोळे उघडतात.

पट्टीच्या वरच्या काठात तार असेल, तर ती दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या उंचवट्यापासून गालाकडे हळूहळू दाबत न्यावी. एका हाताच्या चिमटीने दाबल्यास मध्यभागी टोक येते आणि दोन्ही बाजूंना फटी राहतात. त्यानंतर चष्मा पट्टीच्या काठावर टेकेल असा चढवावा, म्हणजे त्याचे वजनही काठ दाबून धरते. दोन्ही तळवे पट्टीवर ठेवून जोराने श्वास सोडावा. डोळ्यांकडे वारा लागला, तर तार पुन्हा बसवावी. क्षयाच्या रोग्याची सेवा करणाऱ्यांनी एन-९५ पट्टी लावताना ही तपासणी दर वेळी करावी.

चुण्यांची साधी पट्टी सैल होत असेल, तर कानात अडकवायच्या दोऱ्यांना पट्टीच्या अगदी जवळ गाठ मारावी आणि बाजूला फुगलेली चुणी आत खोचावी. तरीही वाफ येत असल्यास पातळ कागदी रुमालाची घडी वरच्या काठाच्या आतून ठेवावी. ती ओल शोषते आणि फटही भरते. ओली झाली की बदलावी. बराच वेळ पट्टी लावावी लागणाऱ्यांनी काठावर त्वचेला चालणारी वैद्यकीय चिकटपट्टी लावण्यास हरकत नाही.

झडपेची पट्टी लावली तर काच कमी धूसर होते, हे खरे. पण झडपेतून श्वास न गाळताच बाहेर पडतो आणि समोरच्याला संरक्षण मिळत नाही. जुलै २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने अशा पट्ट्यांविषयी राज्यांना सावध केले होते, ते याच कारणाने. आजारी माणसाच्या खोलीत ती वापरू नये.

साबणाची किमया

फट बुजवल्यानंतर काचेकडे वळावे. हा त्रास शल्यचिकित्सकांच्या ओळखीचा आहे. १८९७ साली ब्रेस्लौ येथील योहान फॉन मिकुलिच यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर जाळीदार कापडाची पट्टी बांधली. तेव्हापासून चष्मा लावणाऱ्या शल्यचिकित्सकांना ही अडचण आहेच. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात २०११ साली त्यावर एक साधा उपाय प्रसिद्ध झाला: पट्टी लावण्याच्या आधी काचा साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, जादा पाणी झटकावे आणि काचा आपोआप वाळू द्याव्यात किंवा मऊ कागदाने अलगद टिपाव्यात.

त्यामागील कारण आपल्या गृहिणींना अनोळखी नाही. रिठ्याच्या पाण्याने रेशमी वस्त्र धुताना पाणी कापडात सहज भिनते, कारण रिठ्यातील फेस आणणारे द्रव्य पाण्याचा पृष्ठताण कमी करते. साबणही तेच करतो. काचेवर त्याचा अदृश्य थर राहिला की बाष्पाचे गोल थेंब न बनता पातळ, सलग पापुद्रा पसरतो आणि प्रकाश न विखुरता आरपार जातो. बाष्प तितकेच असते, दिसणे मात्र सुधारते.

अंतराळातही हेच तत्त्व कामी आले. ५ जून १९६६ रोजी जेमिनी-९ए यानाबाहेर आलेल्या यूजीन सर्नन यांच्या शिरस्त्राणाची काच श्रमाच्या बाष्पाने धूसर झाली आणि नियोजित काम सोडून त्यांना परतावे लागले. पुढील उड्डाणांत अंतराळवीर बाहेर पडण्यापूर्वी काचेला धुकेरोधक द्रव लावण्यात येऊ लागला.

घरी करताना भांड्यांच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटांवर घ्यावा, वाहत्या कोमट पाण्याखाली काचेच्या दोन्ही बाजू चोळाव्यात आणि पाणी झटकून चष्मा वाळू द्यावा. हा थर टिकाऊ नसतो. काच कोरडी पुसली की तो जातो, म्हणून गरजेप्रमाणे पुन्हा धुवावी.

हे टाळावे

दंतमंजन, राख किंवा दाढीचा फेस काचेला लावू नये. पहिल्या दोहोंनी चरे पडतात, आणि आजच्या प्लास्टिक काचांवरील चकाकी रोखणारा लेप फेसातील द्रव्यांनी बिघडू शकतो. कढत पाणीही त्या लेपाला मानवत नाही. पदराने किंवा धोतराच्या सोग्याने कोरडी काच पुसल्यास वस्त्रातील धूळच तिला ओरखडते.

बाजारातील धुकेरोधक फवारे व रुमाल यांविषयीही थोडी सावधगिरी बरी. २०२२ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा नऊ उत्पादनांची तपासणी केली, तेव्हा सर्वांत फ्लोरिनयुक्त रसायने आढळली. या वर्गातील कित्येक रसायने निसर्गात फार काळ टिकतात आणि काहींचे आरोग्यावर दुष्परिणाम होतात. साबण घरी असताना त्यांची निकड नाही.

दुचाकीवर असताना काच धूसर झाली, तर अंदाजाने पुढे न जाता गाडी कडेला थांबवावी. घरातील वडीलधाऱ्यांना रुग्णालयात न्यायचे असेल, तेव्हा निघण्यापूर्वी त्यांचा चष्मा आपण धुऊन द्यावा, त्यांच्या नाकावरची तार आपल्या बोटांनी बसवावी आणि दोन-चार श्वास घेऊन "स्पष्ट दिसते ना?" एवढे विचारावे. त्याला दोन मिनिटे लागतात. जिन्यावर घसरून मोडलेले खुब्याचे हाड सांधायला महिने लागतात.