परीक्षेच्या आधीचा कागद

अमेरिकेचे वार्तापत्र : न्यू जर्सी

अमेरिकेतील सरकारी शाळा केंद्र सरकार चालवत नाही. त्या ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ नावाच्या स्थानिक मंडळांच्या हाती असतात आणि त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा त्या-त्या गावच्या घरपट्टीतून उभा राहतो, त्यामुळे एका गावच्या शाळेतील सोय शेजारच्या गावात मिळेलच असे नाही. या विस्कळीत कारभारात एक गोष्ट मात्र देशभर सारखी आहे. ज्या मुलाला वाचन-लेखनात, बोलण्यात, लक्ष टिकवण्यात किंवा चार मुलांत मिसळण्यात ठळक अडचण आहे आणि त्या अडचणीमुळे ज्याला वेगळ्या पद्धतीने शिकवण्याची गरज आहे, त्याच्यासाठी शाळेने दरवर्षी स्वतंत्र लेखी आराखडा करणे कायद्याने बंधनकारक आहे. या आराखड्याला तेथे आद्याक्षरांवरून ‘आयईपी’ म्हणतात. मराठीत त्याला वैयक्तिक शिक्षण आराखडा म्हणता येईल. धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यातील सास्तूरहून पाहणाऱ्याला हे श्रीमंत देशाचे चोचले वाटण्याचा संभव आहे. परंतु या व्यवस्थेत पैसा जितका महत्त्वाचा आहे, तितकाच हा कागदही आहे, आणि कागदाची रीत कोणत्याही शाळेला उचलता येण्यासारखी आहे.

ही व्यवस्था शाळांच्या उदारपणातून आलेली नाही. 1970च्या सुमारास अमेरिकेतील शाळा दिव्यांग मुलांपैकी जेमतेम पाचातल्या एकाला शिकवत होत्या, आणि ‘शिकण्यास अपात्र’ ठरवून मुलाला घरी पाठवण्याची मुभा अनेक राज्यांच्या कायद्यांतच होती. पेनसिल्व्हेनियातील मतिमंद मुलांच्या पालकांची संघटना याविरुद्ध न्यायालयात गेली. पाठोपाठ 1972मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधील ‘मिल्स’ खटल्यात न्यायालयाने असे सांगितले की पैसा अपुरा असेल तर त्याची झळ सर्वांनी वाटून घ्यावी, ती एकट्या दिव्यांग मुलावर टाकता येणार नाही. त्यानंतर 29 नोव्हेंबर 1975 रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ज्या कायद्यावर सही केली, तोच 1990पासून ‘आयडिया’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. त्यात तेरा गट मानलेले आहेत. सर्वांत मोठा गट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन वा गणित यांत अडकणाऱ्या मुलांचा आहे. स्वमग्नता, म्हणजे संवाद आणि सामाजिक व्यवहार यांतील उपजत वेगळेपण, हा स्वतंत्र गट 1990मध्ये मान्य झाला. 2022-23 या वर्षी या कायद्याखाली सुमारे 75 लाख मुले होती. सरकारी शाळांतील एकूण मुलांच्या ती सुमारे 15 टक्के भरतात.

प्रक्रिया पालकाच्या साध्या लेखी अर्जानेही सुरू होऊ शकते, मात्र कायद्याने अशी मुले शोधून काढण्याची जबाबदारी मुळात शाळेवरच टाकली आहे. न्यू जर्सीत अर्ज आल्यावर 20 दिवसांत शाळेने पालकांना बैठकीस बोलवावे लागते, आणि पालकाने संमती दिल्यापासून 90 दिवसांत तपासणी, निर्णय व आराखड्याची अंमलबजावणी एवढे सारे टप्पे पुरे करावे लागतात. तपासणीचे काम मानसशास्त्रज्ञ, अध्ययन अक्षमतेचा जाणकार शिक्षक आणि समाजकार्यकर्ता यांच्या गटाकडे असते. मुलाला आज काय येते, वर्षअखेरीस काय यायला हवे, त्यासाठी कोण, आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटे शिकवणार आणि प्रगती कशी मोजणार, या चार प्रश्नांची उत्तरे आराखड्यात द्यावी लागतात. ‘वाचन सुधारावे’ असे मोघम उद्दिष्ट तेथे चालत नाही. अनोळखी उताऱ्यातील किती शब्द एका मिनिटात अचूक वाचता यावेत, हे आकड्यात लिहावे लागते. स्वमग्न मुलाच्या आराखड्यात तर गटात खेळताना आपली पाळी येईपर्यंत थांबणे, गोंगाट असह्य झाला की शिक्षकाला ठरलेली खूण करणे, हीसुद्धा शिकवण्याची उद्दिष्टे म्हणून नोंदवली जातात. इतर मुले जे पाहून-पाहून आपोआप उचलतात, ते एखाद्या मुलाला पाढ्यांसारखे पायरीपायरीने शिकवावे लागते, हे येथे गृहीत धरलेले आहे. दंगा केला म्हणून अशा मुलाला सलग 10 दिवसांहून अधिक काळ शाळेबाहेर ठेवायचे झाल्यास, ते वर्तन त्याच्या अक्षमतेतून किंवा आराखडा न पाळल्यामुळे तर उद्भवले नाही ना, हे शाळेला आधी तपासावे लागते.

मूल शक्यतो नेहमीच्या वर्गातच शिकावे, हे या कायद्याचे दुसरे सूत्र आहे. या मुलांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुले शाळेच्या वेळेचा 80 टक्के किंवा त्याहून अधिक भाग सर्वसाधारण वर्गात घालवतात. पालकाला आराखडा मान्य नसेल तर मध्यस्थी, सुनावणी आणि शेवटी न्यायालय अशी दाद मागण्याची वाट ठेवलेली आहे. याच वाटेने गेलेल्या कोलोरॅडोतील एका स्वमग्न मुलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2017मध्ये असा निर्वाळा दिला की मुलाची नाममात्र प्रगती पुरेशी नाही, आराखडा त्याच्या परिस्थितीला साजेशी प्रगती घडवू शकेल असा असला पाहिजे.

व्यवस्थेच्या उणिवाही उघड आहेत. या मुलांवरच्या जादा खर्चाचा 40 टक्क्यांपर्यंतचा भार उचलण्याचे केंद्राने 1975मध्ये सूचित केले होते, प्रत्यक्षात अलीकडच्या वर्षांत त्याचा वाटा 15 टक्क्यांच्याही खाली राहिला आहे. विशेष शिक्षकांचा तुटवडा कायमचा आहे. आणि ज्या पालकाला नियम ठाऊक आहेत व वकिलाची फी परवडते, त्याच्या मुलाचा आराखडा अधिक भक्कम होतो. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांपुढे याखेरीज भाषेचा प्रश्न उभा राहतो. घरी मराठी बोलणारे मूल इंग्रजीत चाचपडते, ते भाषा नवी असल्यामुळे की अध्ययन अक्षमतेमुळे, हे वेगळे काढावेच लागते, कारण केवळ इंग्रजी कच्चे असणे ही अक्षमता नव्हे, असे कायदाच सांगतो. बैठकीत दुभाषा मागण्याचा पालकाला अधिकार आहे, आणि हे सारे हक्क नागरिकत्वावर अवलंबून नाहीत. घरातील मराठी बंद केल्याने मूल लवकर बोलू लागेल, या समजुतीला मात्र संशोधनाचा आधार नाही.

महाराष्ट्र या विषयात अनभिज्ञ नाही. अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास राज्याने 1996मध्येच सुरुवात केली होती : अधिक वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेऐवजी दुसरा विषय, दहावीच्या बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचे अंकगणित. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता या दोहोंचा समावेश आहे. असे असूनही दोन्ही व्यवस्थांच्या रचनेत एक मूलभूत अंतर आहे. आपल्याकडे आधी प्रमाणपत्र आणि मग सवलत असा क्रम आहे. सवलत परीक्षेच्या दिवशी लागू होते, आणि त्या दिवसापर्यंतची वर्षे मुलाला कसे शिकवायचे, याविषयी ती काहीच सांगत नाही. सातवीचे अंकगणित निवडण्याची मुभा मुलाला उत्तीर्ण करते. त्याला बीजगणित कोणत्या रीतीने समजले असते, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

सास्तूरला दिव्यांग मुलांची निवासी शाळा आहे, परंतु ज्याचे वेगळेपण डोळ्यांना दिसत नाही असे मूल बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत मागच्या रांगेत बसलेले असते आणि ‘ढ’ किंवा ‘आगाऊ’ या दोन शब्दांत त्याचे निदान आटोपते. त्याच्या अडचणीचे रूप इंग्रजीहून निराळे असते : घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत, काना-मात्रा गळणे, जोडाक्षर फोडून वाचणे, रफार आणि रकार यांची अदलाबदल. हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015मध्ये ‘डाली’ नावाची जी चाचणी प्रसिद्ध केली, ती मराठीतही आहे. म्हणजे इंग्रजी चाचणीच्या फूटपट्टीने मराठी वाचन मोजण्याची आवश्यकता उरलेली नाही.

अमेरिकी कायद्यातील आणखी एक तरतूद मराठवाड्याला विशेष लागू पडते. मूल वर्षाच्या मध्येच दुसऱ्या गावी गेले तर नव्या शाळेला जुन्या आराखड्यातील सेवांशी मिळत्याजुळत्या सेवा पहिल्यापासून द्याव्या लागतात. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर जाणाऱ्या मुलाची पटावरील नोंद कशी टिकवावी, याचा विचार आपल्याकडे झाला आहे; पण त्याला जोडाक्षरापाशी अडखळायला होते आणि मोठ्या आवाजात वाचायला लावले की ते मिटून जाते, ही माहिती त्याच्या शिक्षकाच्या डोक्यातच राहते, आणि नव्या शाळेत ते मूल पुन्हा शून्यापासून ‘ढ’ ठरते.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत 2010मध्ये आल्यापासून महाराष्ट्रातील शिक्षक प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहीत आले आहेत. ‘वाचनात अडखळतो’ ही अशीच एक नोंद. ती घडून गेलेले सांगते. तिच्या खाली पुढच्या तीन महिन्यांत काय साधायचे, कोणी आणि कोणत्या दिवशी शिकवायचे एवढे लिहून शिक्षकाची सही आणि पालकाची सही किंवा अंगठा घेतला, तर नव्या निधीशिवाय आराखड्याचा आरंभ होऊ शकतो. त्याला कायद्याचे बळ असणार नाही आणि विशेष शिक्षकाची उणीवही तो भरून काढणार नाही. मात्र दिवाळीनंतर फडाकडे निघालेल्या कुटुंबाच्या बोचक्यात तो कागद मावेल.