४१ हर्ट्झ आणि स्कूटरचा फूटबोर्ड

बेस गिटारची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, मोकळी छेडली की सेकंदाला ४१ वेळा थरथरते. त्या स्वराची हवेतली एक लाट आठ मीटरांहून लांब भरते. एवढी लाट उठवणारं सामान निगडीहून चाकणला न्यायचं, तेही बेस पाठीवर आणि अँप फूटबोर्डवर ठेवून, तळेगाव चौकातल्या कोंडीतून वाट काढत. म्हणून छोट्या प्रोग्रामसाठी बेस आणि अँप निवडताना माझा क्रम ठरलेला आहे: आधी किलो, मग वॅट.

वजन कमी केलं तर खर्ज हरवेल, अशी भीती असते. इथे आपला कानच मदतीला येतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडणं शक्यच नाही, तरी गाण्यातली बेसची चाल आपल्याला ओळखू येते. कारण त्या स्वरासोबत ८२, १२३, १६४ हर्ट्झचे उपस्वर येतात, आणि ते ऐकून मेंदू खालचा न वाजलेला स्वर स्वतःच जुळवून घेतो. म्हणून १० इंची स्पीकरचा अँपसुद्धा कँटीनच्या हॉलमध्ये पुरतो. फक्त ‘बेस’चं बटण शेवटपर्यंत पिरगाळू नका, मधलं, ‘मिड’चं बटण थोडं वर घ्या. खालचा स्वर एक सप्तक उतरवून तेवढ्याच जोरात ऐकवायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावं लागतं. लहान स्पीकर फाटतात ते याच हट्टापायी.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं वाद्य

हे वाद्य जन्मलं तेच वाहतुकीची अडचण सोडवायला. माणसाहून उंच डबल बेस गाडीच्या टपावर बांधून गावोगाव फिरणारे वादक वैतागले होते. त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला. फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पण जिग, साचा आणि सुटे भाग त्यांना चांगले कळत. मान बिघडली तर चार स्क्रू काढून दुसरी बसवा, एवढं सोपं त्यांनी ठेवलं. भोसरीच्या टूलरूममधल्या माणसाला हा विचार लगेच पटेल. त्याआधी, १९३०च्या दशकात, सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनीही आडवा धरायचा, पडद्यांचा विजेवरचा बेस बनवला होता, पण तो फारसा खपला नाही.

आपल्या हिंदी गाण्यांत हा आवाज घट्ट बसवणाऱ्यांत टोनी वाझ यांचं नाव घ्यावंच लागतं, आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातले बेसवादक. आणि आज मुंबईची मोहिनी डे जगभर हेच वाद्य घेऊन फिरते.

इथे वाजतं कुठे?

मोठी नाट्यगृहं पिंपरी-चिंचवडमध्ये भरपूर आहेत: चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, भोसरीचं अंकुशराव लांडगे, पिंपरीचं आचार्य अत्रे रंगमंदिर, पिंपळे गुरवचं निळू फुले रंगमंदिर. शंभरावं नाट्यसंमेलनही जानेवारी २०२४ मध्ये इथेच झालं. पण तिथे साउंडवाले असतात, तुम्ही वायर लावायची आणि वाजवायचं. स्वतःचा अँप लागतो तो दुसरीकडे: कंपनीचा फॅमिली डे, सोसायटीचा गणपती, मंगल कार्यालयातलं संगीत, वाकड-पिंपळे सौदागरच्या कॅफेतला कोपरा. ऑर्केस्ट्रात बरेचदा बेस हे कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताचंच काम. तिथे खरा बेसवाला उभा राहिला की ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या खाली जमीन आल्यासारखी वाटते.

खर्जाचं वेड या मातीला नवं नाही. औद्योगिक पट्ट्याच्या एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. भजनाला बसण्याआधी पखवाजी डाव्या पुडीवर कणकेचा गोळा थापतो. पुडीचं वजन वाढलं की थरथर मंदावते, आवाज खाली उतरतो. बेसच्या तारेत नेमकं हेच केलेलं असतं. मधे पोलादाची बारीक तार, तिच्यावर घट्ट गुंडाळलेली दुसरी तार. लांबी फार न वाढवता नुसतं वस्तुमान वाढवायचं. पखवाजी प्रोग्राम संपला की कणीक खरवडून टाकतो. बेसवाल्याला मात्र तारा बदलायला पैसे मोजावे लागतात. अमेरिकेतल्या मोटाऊन कंपनीच्या स्टुडिओत असंख्य गाणी वाजवलेले बेसवादक जेम्स जेमर्सन तारा तुटेपर्यंत बदलत नसत, आणि तो जुना, मऊ, थोपटल्यासारखा आवाज हीच त्यांची ओळख झाली. वाजवायचेही उजव्या हाताच्या एकाच बोटाने!

पाठीवर काय घ्यावं?

नेहमीच्या बेसमध्ये तारेची वाजती लांबी ३४ इंच असते, अख्खं वाद्य ११५ सेंटिमीटरच्या पुढे जातं. दुचाकीवर पाठीला लावलं की मान डोक्याच्या वर डोकावते, आणि पार्किंगच्या बुटक्या तुळईखालून जाताना ती आपटते. उपाय तीन आहेत. पहिला, ३० इंची ‘शॉर्ट स्केल’. हा काही पोरखेळ नव्हे. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हँबुर्गमध्ये घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर याच मापाचा होता. तो १९७२ मध्ये चोरीला गेला आणि तो सापडल्याची बातमी थेट २०२४ मध्ये आली! इबानेझचा मिक्रो तर २८.६ इंचांचाच आहे. दुसरा उपाय म्हणजे बिनडोक्याचा बेस. नेड स्टाइनबर्गर यांनी खुंट्या डोक्यावरून काढून खालच्या टोकाला नेल्या, आणि लांबी एकदम घटली. तिसरा, युकुलेलेएवढा यू-बेस, त्याच्या तारा रबरासारख्या मऊ. तो अँपला जोडला की डबल बेसच्या जवळ जाणारा आवाज देतो. भावगीतांच्या आणि अनप्लग्ड मैफलींना मी डोळे झाकून तोच सुचवेन. मेटल वाजवायचं असेल तर तो नको.

पाच तारांचा मोह आवरा, निदान पहिल्या खरेदीत. पाचवी बी तार ३१ हर्ट्झवर बोलते, आणि छोट्या अँपला ते झेपत नाही.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. चार तारा मिळून मानेवर सुमारे ७५ ते ८० किलोंचा ताण देतात, म्हणजे एक धडधाकट माणूस कायम लटकलेला. त्याला तोलून धरते मानेच्या पोटातली पोलादी सळई, ट्रस रॉड. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, उन्हाळ्यात सुकतं, मान वाकते. मग ॲलन की घेऊन पाव फेरा फिरवायचा, आणि लाकडाला सावरायला वेळ देऊन मगच पुढचा पाव. ज्या पट्ट्यात जवळपास प्रत्येक घरात एखादा फिटर आहे, तिथल्या वादकाला या कामाची भीती वाटायला नको.

हमिंगचा सूर कोणता?

ही माझी सगळ्यात आवडती गंमत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा जी वाजतो ४९ हर्ट्झवर, आणि मोकळी जी तार ९८ वर. म्हणजे अर्थिंग नीट नसेल तर अँपमधून येणारी घरघर ही जवळपास जी असते, किंचित चढी. जी वाजवला की घरघर आणि स्वर एकमेकांशी भांडून आवाज हेलकावतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथली घरघर बी-फ्लॅट आणि बीच्या मधे कुठेतरी.

शेजारी वेल्डिंग चालू असेल, मोटरचे ड्राइव्ह फिरत असतील, तर तारेची थरथर टिपणारा एका कॉइलचा पिकअप ते सगळं गोळा करतो. फेंडरने १९५७ साली प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत कापला आणि दोन्ही कॉइल उलटसुलट जोडल्या. तारेचा आवाज तसाच राहतो, बाहेरची घरघर एकमेकीला खोडते. कारखान्यांच्या शेजारी वाजवणार असाल तर पी-बेस, म्हणजे प्रिसिजनच घ्या, हा सल्ला आवडीनिवडीचा नाही, विजेचा आहे. जाता जाता: चांगली वायर वापरा. फिनोलेक्सच्या वायरचं मुख्य ठाणं असलेल्या पिंपरीत ढिल्या जॅक-पिनमुळे प्रोग्राम थांबावा, हे बरं दिसत नाही.

गाडीची मोटर आणि स्पीकर: एकच लोहचुंबक

१९६९ मध्ये आलेला अँपेगचा एसव्हीटी ३०० वॅटचा होता, आणि त्याचं नुसतं हेड ४० किलोंच्या आसपास. आठ स्पीकरांचं खोकं वेगळं, ते उचलायला दोन माणसं. रोलिंग स्टोन्सना परवडलं, आपल्याला नाही. आज फेंडर रंबल ४० आठ किलोंच्या थोडा वर आणि रंबल १०० दहा किलोंचा आहे. हलकेपणा कुठून येतो, त्याच्या उत्तराचा एक भाग चाकणच्या रस्त्यावर रोज धावतो.

निओडिमियमचं लोहचुंबक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दोन ठिकाणी जवळपास एकाच वेळी जन्मलं: जपानच्या सुमितोमोत आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत. हीच जनरल मोटर्स २००८ ते २०२० तळेगावात गाड्या बनवत होती. इवल्याशा तुकड्यात प्रचंड ओढ असल्याने विजेवरच्या गाड्यांच्या मोटरी त्यावर चालतात आणि महागड्या हलक्या स्पीकरांतही तेच बसतं. २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर बंधनं घातली, तेव्हा आकुर्डीच्या बजाज ऑटोलाही विजेवरच्या चेतकच्या उत्पादनाची चिंता पडली होती.

दुसरा भाग आहे ‘क्लास डी’. हा अँप वीज सतत वाहू देत नाही, सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतो आणि त्या झटक्यांची रुंदी बदलून आवाज घडवतो. मोटरचा वेग ताब्यात ठेवणारा कारखान्यातला ड्राइव्ह हेच तत्त्व वापरतो. उष्णता कमी, म्हणून थंड ठेवणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा लहान, म्हणून वजन कमी.

वॅटच्या आकड्याने मात्र फसू नका. ५० चे १०० वॅट केले की आवाज ३ डेसिबलच वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल एवढा. दुप्पट मोठं वाटायला दहापट वॅट लागतात. शिवाय डब्यावरचा मोठा आकडा बहुधा ४ ओहमचा असतो. आठ ओहमचा एकच स्पीकर लावलात तर तेवढे वॅट मिळत नाहीत. आठ-आठचे दोन समांतर लावले की ४ होतात, तेव्हा कुठे अँप पूर्ण ताकदीने बोलतो. चारच्याही खाली गेलात तर तो जळू शकतो.

परदेशातल्या भावाने प्रेमाने आणलेला अँप लावण्याआधी मागची पट्टी वाचा. नुसतं १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो पहिल्याच स्वराला धूर काढेल.

बॅटरीवर चालणारा अँप ही या भागाची खास गरज. भोसरी-चिंचवड पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि महावितरणची देखभालीची कामंही पुष्कळदा गुरुवारीच निघतात. म्हणजे लोक मोकळे असतात त्याच दिवशी लाइट नसण्याची शक्यता. रोलंडचा मायक्रो क्यूब बेस आरएक्स साध्या सहा पेन्सिल सेलवर चालतो, ४ इंची चार स्पीकर. कहोन आणि एका गिटारसोबत छान. ड्रमसेट आला की तो बुडतो, तिथे साउंडवाल्यांच्या मिक्सरला जोडायची एक्सएलआर पिन मागे आहे का, हे खरेदी करतानाच बघा. माझ्या मते ही पिन १०० वॅटांहून मोलाची.

शेजारी आणि १४ फुटांचा हॉल

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ डेसिबलची मुभा आहे, निवासी भागात ५५ चीच. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. आता गंमत बघा: मोजणीचं मीटर माणसाच्या कानासारखं वागावं म्हणून खालचे स्वर हलके मोजतं, ४० हर्ट्झला तर सुमारे ३५ डेसिबल वजा करून. पण भिंती हे काही पाळत नाहीत. तीच लाट स्लॅबमधून सरळ वरच्या मजल्यावर पोचते. मीटरवर तुम्ही नियमात असता आणि वरच्या काकूंच्या कपाटाची काच मात्र वाजत असते. रियाजाला हेडफोनची जागा असलेलाच अँप घ्या.

सोसायटीचा क्लबहाउस हॉल १४ फूट रुंद असेल तर आणखी एक चमत्कार दिसतो. त्या दोन भिंतींच्या मधे ४० हर्ट्झच्या लाटेचा बरोबर अर्धा भाग मावतो, आणि ४१ ची मोकळी ई त्याच्या अगदी शेजारी. मग ई वाजवली की हॉल स्वतःच फुगतो, बाकीचे स्वर बारीक पडतात. अँप कोपऱ्यात ठेवलात तर दोन भिंती आणि जमीन मिळून ती फुगवटी आणखी वाढवतात. अँप कोपऱ्यातून ओढून घ्या, खाली खुर्ची ठेवा, तोंड किंचित वर करा. गुडघ्यांना कान नसतात, आवाज डोक्याकडे यायला हवा.

आणि दुकानात तपासताना जोरात चाल वाजवून दाखवू नका. जी तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्यापर्यंत एकेक स्वर हळू वाजवा आणि तो विझेपर्यंत थांबा. बऱ्याच बेसांत इथे एखादा स्वर बाकीच्यांच्या आधी मरतो, कारण मान त्याच वेगाने थरथरून त्याची शक्ती पिऊन टाकते. असा स्वर सापडला तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेल्या दोन बेसांतही लाकूड वेगळं असतं, आणि दुसऱ्यात तोच स्वर कधी कधी दुप्पट वेळ टिकतो.