ठेका कळतो, सूर निसटतो

अमेरिकी लेखक मायकेल कोरोस्ट यांची श्रवणशक्ती २००१ साली पूर्ण गेली. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आवाजाचे विद्युतसंदेश करून ते थेट श्रवणचेतेला देणारं यंत्र, बसवल्यावर बोलणं पुन्हा कळू लागलं, पण संगीतकार राव्हेल यांची ‘बोलेरो’ ही त्यांची लाडकी रचना पूर्वीसारखी ऐकू येईना.

निरोगी कानाच्या शंखाकृती भागात सुमारे ३,५०० आंतरिक केशपेशी आवाजाचा बारीक निवाडा करतात. इम्प्लांटला हेच काम साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोडवर भागवावं लागतं. त्यातला विद्युतप्रवाहही शेजारच्या चेतातंतूंपर्यंत पसरतो. पेटीवर सा आणि त्याला लागूनचा कोमल रे वाजवा. यांतला वरचा कोणता, हे इम्प्लांटवर ऐकणाऱ्या अनेकांना सांगता येत नाही. ठेका मात्र सहसा अचूक कळतो. म्हणून ओळखीचं गाणं बरेचजण चालीपेक्षा शब्दांवरून आणि लयीवरून ओळखतात.

शब्द कळायला एवढी बारकाई लागत नाही, आणि हे यंत्र मुळात बोलण्यासाठीच घडलं. ते काम ते फार चांगलं करतं. तरी ‘तू येणार’ आणि ‘तू येणार?’ यांतला फरक सुराच्या चढात असतो, तो निसटू शकतो.

म्हणून घरात कुणी इम्प्लांटवर ऐकत असेल, तर मध्ये दुसरा आवाज नको म्हणून टीव्ही बंद करा, चेहरा दिसेल असे समोर बसा आणि मग बोला.