मॉरिशसच्या पणजोबांचे कोकणातले गाव

एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारावर मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्यांच्या घरी आजही गणपती बसतो, आणि आपली जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने जिवंत आहे. मूळ पुरुष कोणत्या गावचा, या प्रश्नाचे उत्तर मात्र पुष्कळदा ‘रत्नागिरी’ या एका शब्दावर थांबते. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशस भेटीत तेथील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ‘ओसीआय’ कार्डासाठी पात्र ठरविणारी विशेष तरतूद जाहीर केली. तेव्हापासून या शोधाला जिव्हाळ्याच्या जोडीने कागदोपत्री मोलही आले आहे.

करारबद्ध मजुरांची ही वाहतूक १८३४ मध्ये सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर उतरली. त्यात मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा कलकत्ता व मद्रासच्या मानाने लहान होता. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरत, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. प्रत्येक मजुराला एक क्रमांक दिला जाई. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा, जहाज अशा नोंदींची रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. १८६०च्या दशकापासून मजुरांची छायाचित्रेही काढली जाऊ लागली.

शोधाची किल्ली हा क्रमांकच होय, आडनाव नव्हे. कारकून बहुधा एकच नाव लिहून घेई आणि पुढच्या पिढीत तेच आडनाव होऊन बसे. राघोचा मुलगा गोपाळ कागदावर ‘गोपाळ राघो’ झाला की नातवंडे-पतवंडे ‘राघो’ आडनावाची. मूळचे सावंत किंवा कदम कायमचे पुसले गेले. म्हणून स्वतःच्या जन्मदाखल्यापासून आई-वडील, आजी-आजोबा यांचे विवाहाचे व मृत्यूचे दाखले गाठत एकेक पिढी मागे जावे लागते.

रजिस्टरात गाव सापडले, तरी ते गोऱ्या कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे इंग्रजीत लिहिलेले असते. शिवाय ‘रत्नागिरी’ म्हणजे आजचा रत्नागिरी जिल्हा नव्हे. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला. त्यापूर्वी मालवण, देवगड, कणकवली हे सारे रत्नागिरीतच होते. सावंतवाडी तर संस्थान होते, त्याचे दप्तर निराळे.

खरी अडचण याहून पुढची आहे. कोकणातली बरीच गावे खोतांची. सरकारी सारा खोत भरे, त्यामुळे जुन्या जमाखर्चात कुळाचा मागमूस लागणे कठीण. खोती कायदा १८८० मध्ये आला आणि त्यानंतरच्या बोटखतांतून कुळांची नावे दिसू लागतात. तोवर शतकाच्या मध्यास बोटीवर चढलेला माणूस वीस-तीस वर्षे परागंदा झालेला असे. तेव्हा त्याचे नाव शोधून उपयोग नाही. शोधायचा तो त्याच्या बापाचे नाव लावणारा, मागे राहिलेला भाऊ किंवा पुतण्या. यासाठी मोडी वाचणारा जाणकार गाठावा लागतो. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्याही पाहाव्यात, मात्र त्या मूळ आडनाव आणि गाव ठाऊक असल्याखेरीज उघडत नाहीत. शिवाय गरीब कुळाला एवढी लांबची यात्रा कुठून परवडणार? एखादी शाखा पुढे सुस्थितीत येऊन तेथे गेली असेल, तर वंशावळीत मूळ पुरुषाचे नाव मिळू शकते.

गावात गेल्यावर तलाठ्याआधी गुरवाला आणि मानकऱ्यांना भेटावे. शिमग्याच्या पालखीचा मान कोणत्या घराकडे, ते घर कोणाच्या भाऊबंदकीतले, हे त्यांना तोंडपाठ असते. मात्र राघो आणि गोपाळ ही नावे प्रत्येक वाडीत असतात. बापाचे नाव, जात आणि वाडी ही तिन्ही जुळल्याखेरीज नाते जोडू नये.