सेलरी लावावी का? आधी परसातला वाफा पाहा



बियाण्याच्या दुकानात हल्ली सेलरीचं पाकीट दिसतं. शहरात हॉटेलवाले घेतात म्हणे, मग लावू या का अर्धा एकर? थांबा. आधी हे पीक नीट ओळखून घ्या.

सेलरी काही परकी नाही. कोथिंबीर, शेपू, गाजर, ओवा, बडीशेप यांच्याच कुळातली ती. पानं कोथिंबिरीसारखी पण मोठी, देठ जाड, रसाळ, पन्हाळीसारखे. खायचे ते हेच देठ. वास उग्र असतो. सूपात घालतात, कच्चे खातात. आपल्या डाळीतही चिरून चालतात. पंजाबात अमृतसर भागात हे पीक मुख्यतः बियांसाठी घेतात.

तिला थंडी हवी. बी फार बारीक, एका ग्रॅममध्ये दोन हजारांहून जास्त. ते रात्रभर भिजवून सप्टेंबरच्या मध्यास गादीवाफ्यावर टाकावे. खोल पेरू नये, वर चाळलेले शेणखत नुसते भुरभुरावे. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून बी खोटं निघालं असं समजून वाफा मोडू नका. झारीनेच पाणी द्यावे. भोकरदन-पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीवाल्यांना रोप कसं करायचं ते सांगायला नको! सात-आठ आठवड्यांनी रोपे लावावीत. पुढे सुमारे तीन महिन्यांत, म्हणजे ऊन तापायच्या आत, काढणी होते.

खरी मेख पाण्यात आहे. सेलरीची मुळे वरच्या वीतभर मातीतच असतात. जमीन एकदा का वाळली, की देठ पोकळ, दोरेदार आणि कडू होतात. असा माल कोणी घेत नाही आणि गावच्या बाजारात तर त्याला गिऱ्हाईकच नाही. तेव्हा दोन प्रश्न स्वतःला विचारा: माझ्या विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी पुरेल का? माल घेणारा आधीच ठरलाय का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर दहा-बारा रोपे परसात लावून पाहा, त्यापुढे जाऊ नका.

त्यापेक्षा घरामागे तीन मीटर लांब, एक मीटर रुंद असे चार वाफे करा. प्रत्येकात तीन-चार घमेली कुजलेले शेणखत मिसळा.

– मेथी : २५ ते ३० दिवसांत तयार.
– पालक : पहिली कापणी महिन्याभराने, पुन्हा फुटतो.
– कोथिंबीर, शेपू : ४० दिवसांच्या आसपास. धने रगडून दोन फाकी करून पेरा.
– गाजर : जागेवरच पेरा, रोप उपटून लावू नका.

सगळं एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरलं की भाजी तुटत नाही. न्हाणीचं साबणाचं पाणी पालेभाजीला नको, ते केळीकडे वळवा. मावा दिसला तर अर्धा किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, दहा लिटर पाणी करून फवारा.

कापूस-मिरचीचा पैसा भाजीवर खर्च होऊ नये, लेकराबाळांच्या ताटात रोज हिरवं असावं, एवढं हे चार वाफे नक्की करतील. सेलरीचं नंतर बघू!